मागून येणारी ओळ

या, असे जवळ येऊन बसा. चपला तिकडे राहू द्या, पंख्याखाली जागा आहे, आणि तो मोबाइल घटकाभर पालथा ठेवा. एक गोष्ट सांगायची आहे. मोठी नाही, तिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक माणूस आहे, एक यंत्र आहे, आणि यंत्राने माणसाला लिहून दाखवलेली एक ओळ आहे. गोष्ट संपल्यावर मी तुमच्यापाशी काहीतरी मागणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. कीर्तनानंतर थाळी फिरते ना, तसंच समजा. फक्त हिच्यात नाणं टाकायचं नाही.

तर जीवन घरत. वय अर्ध्याच्या पुढे झुकलेलं, केस कानापाशी पांढरे, तळोज्याच्या एका रसायनाच्या कारखान्यात टाक्यांची मापं बघणारा माणूस. कारखान्यात पातळी मोजणाऱ्या नव्या पेट्या आल्या, त्या सी नावाच्या भाषेत चालतात असं कळलं, आणि जीवनला वाटलं की रोज ज्यांच्याशी बोलायचं त्यांची भाषा यायला हवी. म्हणून दर शनिवारी दुपारी तो खांदा कॉलनीतल्या एका क्लासमध्ये जाऊन बसायचा. खाली झेरॉक्सचं दुकान, वर क्लास, आजूबाजूला कॉलेजची पोरं. शिकवायला मोनाली नावाची मुलगी, त्याच्या लेकीपेक्षा थोडी मोठी. ती त्याला ‘काका’ म्हणायची आणि चुकलं की पोरांपेक्षा त्यालाच जास्त हसायची; पण हसण्यात माया होती, म्हणून चालून जायचं. त्या शनिवारी त्याने टाकीचा प्रोग्रॅम लिहिला. चौरस टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ विचारायचं, वर्गमूळ काढायचं, त्यावरून टाकी किती रुंद ते सांगायचं. लिहिलं सगळं बरोबर, अर्धविरामसुद्धा जागच्या जागी. आणि पडद्यावर ओळ उमटली: undefined reference to 'sqrt'. sqrt म्हणजे वर्गमूळ. त्याने पुन्हा चालवलं. तीच ओळ. मागच्या शनिवारी हेच वर्गमूळ निमूट निघालं होतं. वर पहिल्याच ओळीत गणिताचं नाव घातलेलं, स्पेलिंग बरोबर, आणि तरी यंत्र म्हणत होतं, हे नाव तुम्ही घेता खरं, पण ह्या नावाचं माणूस मला कुठे सापडत नाही. जीवनचा हात कळफलकावरच राहिला. त्याला एकदम कालची संध्याकाळ आठवली. कारण हेच वाक्य, ह्याच थंडपणाने, काल त्याने आपल्या बापाच्या तोंडून ऐकलं होतं.

काल देवळात सप्ताहाचा सहावा दिवस होता. देऊळ म्हणजे नव्या वसाहतीतलं नवं देऊळ. विमानतळासाठी जुनं गाव उठलं तेव्हा देवालाही उठावं लागलं, आणि आता तो गुळगुळीत फरशीवर, ट्यूबलाइटच्या उजेडात कमरेवर हात ठेवून उभा आहे. गाव मिठागरवाल्यांचं. जीवनच्या लहानपणी अंगणात उभं राहिलं की मिठाचे चौकोन खाडीपर्यंत पसरलेले दिसायचे, आणि उन्हाळ्यात दुपारी डोळे उघडे ठेवता येत नसत इतका पांढरा उजेड. बाप, दिनानाथ, त्या उजेडात दिवसभर मीठ गोळा करायची फळी ओढायचा. संध्याकाळी अंघोळ करून कपाळाला बुक्का लावून देवळात जायचा आणि काशिरामबुवांच्या मागे टाळ घेऊन उभा राहायचा. मागे. कायम मागे. काशिरामबुवा पुढे नाचायचे, दृष्टांत द्यायचे, लोकांना हसवायचे-रडवायचे, आणि ओळ अर्धी म्हणून हात मागे करायचे, न बघता. तो हात मागे गेला की दिनानाथचा आवाज यायचा. तो आवाज गोड नव्हता. मिठाचा खडा चावल्यासारखा खरखरीत होता. पण कुठल्याही ओळीला कधी उशीर झाला नाही. छोट्या जीवनला वाटायचं, बुवांच्या पाठीला एक दार आहे आणि त्या दारामागे सगळी गाणी राहतात. सप्ताहाच्या शेवटी, आठव्या दिवशी, काल्याची हंडी फोडण्याआधी, गावाचं स्वतःचं एक पद म्हणायची रीत होती. कुणी मिठागरावरच्या माणसाने कधीतरी रचलेलं, कुठल्या पोथीत नाही, गावाबाहेर कुणाला ठाऊक नाही. पाहुणे बुवा कितीही मोठे असोत, त्या वेळी बाजूला होतात आणि गावचा माणूस पुढे येतो. काशिरामबुवा गेले. मग दोन-तीन जणांनी म्हणून पाहिलं. मग सखूबाई गेली, जीवनची आई, आणि दिनानाथ गायचाच थांबला. भांडण नाही, रुसवा नाही. टाळ खुंटीला लावला, आणि देवळात जाऊन खांबाला टेकून बसू लागला. दोन काले त्या पदावाचून झाले. दहीलाह्या वाटल्या, हंडी फुटली, पण म्हातारी माणसं काहीतरी विसरल्यासारखी घरी गेली.

ह्या वर्षी सप्ताहाचं काम बघणाऱ्या भावेशने मनावर घेतलं. पोरगा उत्साही. त्याने बॅनर छापला, त्यावर दिनानाथचा फोटो सगळ्यांच्या पुढे, देवापेक्षा थोडा मोठाच. ठरलं असं की काल्याच्या दिवशी दिनानाथ आजोबांना पुढे खुर्चीवर बसवायचं, शाल घालायची, माइक द्यायचा, आणि त्यांच्याकडून पद म्हणवून घ्यायचं. जीवनचा ऊर भरून आला होता. जन्मभर मागे राहिलेला माणूस पुढे येणार. काल त्याचीच तालीम होती. खुर्ची मांडली, दिनानाथला धरून बसवलं. भावेश वाकून म्हणाला, “आजोबा, म्हणा. एकच पद. सगळे थांबलेत बघा.” दिनानाथने माइककडे पाहिलं. माइकच्या पुढच्या रिकाम्या फरशीकडे पाहिलं. मग मान वळवून मागे पाहिलं, तिथे भिंत होती. जीवन गुडघ्यावर बसला, बापाच्या मांडीवर हात ठेवला, “बाबा, खाडी आली दारी... म्हणा ना.” आणि दिनानाथ बोलला, अगदी शांतपणे, कुणी पत्ता विचारावा आणि आपल्याला ठाऊक नसावा तसा: “नाव ठाव हाय रे. पद गवसत नाय.”

undefined reference. पडद्यावरची ओळ तशीच लुकलुकत होती. जीवनला वाटलं, खिडकी उघडावी. खाली रिक्षावाले कळंबोली, कळंबोली ओरडत होते. मोनाली मागे येऊन उभी राहिली.

“काय झालं काका? अरे वा, आज आला का हा तुमच्याकडे! सगळ्यांकडे येतो एकदा.”

“गणिताचं नाव तर वर घातलंय,” जीवन म्हणाला.

“ते हेडर. ती नुसती दारावरची पाटी, काका. ह्या नावाचे गृहस्थ इथे राहतात, एवढंच ती सांगते. गृहस्थ घरात आहेत की नाही ते पाटीला काय माहीत? प्रत्यक्ष काम करणारा कोड लायब्ररीत असतो. तिला बोलावून जोडावं लागतं. आडवी रेघ, एल, एम.”

“मग मागच्या शनिवारी कसं चाललं?”

“तेव्हा तुम्ही आकडा स्वतःच लिहून दिला होता. एकोणपन्नासचं वर्गमूळ काढ म्हणून. असा आकडा समोर दिसला की कंपायलर, म्हणजे आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा, स्वतःच उत्तर लिहून टाकतो, लायब्ररीला हाकच मारत नाही. आज आकडा बाहेरून येणार आहे, आधी कुणालाच माहीत नाही. आज खरी गरज लागली.”

जीवनने मान हलवली आणि यंत्राला द्यायची आज्ञा लिहिली, आधी लायब्ररी, मग आपली फाइल: gcc -lm taki.c. लिहिताना त्याच्या मनात शंका नव्हती. थोरलं माणूस पुढे. लग्नाच्या पत्रिकेत आधी गणपती, मग कुलदेवता, मग वाडवडील, मग कुठे नवरा-नवरी. नैवेद्याचं पहिलं ताट देवाचं, पंगतीत पहिला पाट म्हाताऱ्यांचा. ज्याच्याकडून घ्यायचं त्याला आधी मान द्यायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हातात होतं. त्याने कळ दाबली. तीच ओळ. अक्षर इकडचं तिकडे नाही. आता मात्र त्याला यंत्राचा राग आला, आणि रागाच्या खाली भीती होती. जोडलं तरी सापडत नाही म्हणजे मग नाहीच का? आत काही उरलंच नाही का?

मोनाली मोठ्याने हसली. “लायब्ररी मागे, काका! मागे!”

“मागे?”

“सगळ्यांत शेवटी. पुढे कशाला आणली तिला? बघा, हा जोडणारा डावीकडून उजवीकडे बघत चालतो. पहिल्यांदाच त्याला लायब्ररी भेटली. तेव्हा कुणाला काही हवं होतं का? नव्हतं. कुणी हाकच मारलेली नाही. मग तो तिच्याकडून काही न घेता पुढे गेला. नंतर आली तुमची फाइल, तिने हाक मारली, पण तोवर लायब्ररी मागे पडली. तो परत वळून बघत नाही. आधी हाक मारणारा, त्याच्या मागे ओ देणारा. असं बसवा.”

त्याने ‘-lm’ पुसलं आणि शेवटी लिहिलं. ह्या वेळी पडदा काहीच बोलला नाही. काही न बोलणं म्हणजे सगळं ठीक, हे त्याला एव्हाना कळलं होतं. त्याने प्रोग्रॅम चालवला, क्षेत्रफळ विचारलं गेलं, त्याने मनात आला तो आकडा दिला, उत्तर आलं. शेजारच्या पोराने अंगठा दाखवला. पण जीवन उत्तराकडे बघतच नव्हता. त्याला जुन्या घराची पडवी दिसत होती. चुलीपुढे सखूबाई, परातीत तांदळाच्या पिठाची उकड, बांगड्या मागे सारलेल्या, आणि भाकरी थापता थापता तिचं गाणं. तिला कुठलंच पद धड येत नसे. गावाचं पद तर ती रोज चुकवायची. ‘खाडी आली दारी देवा, बांध तुझ्या नावाचा’ इथपर्यंत ठीक, आणि पुढे हमखास, ‘पाणी गेलं वाहून सारं...’ की बाहेर जाळं विणत बसलेल्या दिनानाथचा आवाज यायचा, “वाहून नाय गो, उडून! वाहून गेलं तर मीठ कुठनं राहील? मिठागरवाल्याची बायको हायस ना?” आणि मग तो सबंध ओळ म्हणून दाखवायचा, ‘पाणी गेलं उडून सारं, खडा उरला भावाचा’. सखूबाई तव्यावरची भाकरी उलटायची आणि जीवनकडे बघून एक डोळा बारीक करायची. तेव्हा त्याला वाटायचं, आईला चुकूनही लाज वाटत नाही. आज, ह्या क्लासमध्ये, ट्यूबलाइटखाली, त्याला पहिल्यांदा त्या बारीक केलेल्या डोळ्याचा अर्थ लागला. ती चुकत नव्हती. ती हाक मारत होती. रोज, भाकरीच्या वेळी, इतकी वर्षं. काशिरामबुवा देवळात हात मागे करत होते आणि ही घरात ओळ चुकवत होती. दोघंही गेली. बाप तिथेच आहे, सगळं घेऊन उभा आहे, आणि पुढे कुणीच नाही. आणि आपण काय केलं? त्यालाच उचलून पुढे बसवलं, शाल घातली, आणि म्हटलं, दे.

“काका, बरं वाटतंय ना?” मोनालीने विचारलं. “एवढ्याशा एररने डोळ्यांत पाणी?”

“पंखा,” जीवन म्हणाला. “वारा सरळ डोळ्यांत येतो.”

संध्याकाळी देवळात भावेश बॅनरची दोरी ताणत होता. जीवनने सांगितलं, खुर्ची काढ, माइक काढ, बाबांना टाळकऱ्यांत उभं करायचं. भावेशने दोरी सोडली. “काका, काय बोलता! बॅनर छापून झालाय. आणि आजोबा मागे, तर पुढे कोण?”

“मी.”

“तुम्ही?” भावेशने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “रागावू नका, पण तुम्ही आरतीलाही नुसते ओठ हलवता. मी शेजारी असतो, मला ऐकू येतं. म्हणजे येत नाही.”

घरी रंजिता, त्याची बायको, एवढंच म्हणाली, “पद येतं का तुमाला?” येत होतं. कागदावर येत होतं. रात्री जेवताना त्याने मनात डाव रचला, उद्या पहिली ओळ म्हणायची, दुसरी विसरल्याचं सोंग करायचं आणि हात मागे करायचा, बुवांसारखा. डाव इतका सोपा होता की त्याला झोप छान लागली.

काल्याच्या दिवशी ऊन चढलं होतं. पाहुणे बुवा बाजूला झाले. जीवन पुढे आला तेव्हा बायकांच्या बाजूने कुजबुज झाली आणि कुणीतरी ‘अगं बाई, हा?’ म्हणालं. टाळकऱ्यांच्या रांगेत, मृदंगाच्या अंगाला, रंजिताने सासऱ्याला आणून उभं केलं होतं. “बाबा, हा धरा,” म्हणत तिने खुंटीवरचा टाळ त्यांच्या हातात दिला होता, आणि त्यांनी तो धरला होता, भाजीची पिशवी धरावी तसा. जीवनने पहिली ओळ म्हटली. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. मागच्यांनी उचलली. दुसऱ्यांदा म्हटली. मग तो ठरल्याप्रमाणे ‘पाणी गेलं...’ वर थांबला, चेहऱ्यावर विसरल्याचा भाव आणला आणि हात मागे केला. मृदंग चालू होता. हात हवेत होता. मागून काही आलं नाही. त्याने पुन्हा केलं. ‘पाणी गेलं...’ हात मागे. नाही. भावेशने मान खाली घातली. जीवनला एकोणपन्नासचं वर्गमूळ आठवलं. उत्तर खिशात ठेवून विचारलेला प्रश्न. त्याला हाक कोण म्हणेल? बापाला कळत नसेल का? ज्याने जन्मभर पाठीमागून माणसं ऐकली, त्याला खरं अडणं आणि खोटं अडणं कळणार नाही? आणि हे मनात आलं मात्र, त्याच्या हातून खरोखरच सगळं सुटलं. समोर चेहरे होते, सगळे त्याच्याकडे लागलेले, जुन्या गावातले, कुणाचं घर विहिरीपाशी होतं, कुणाचं पिंपळाखाली, आता सारख्या रंगाच्या इमारतींतून आलेले. डोक्यावरून विमान गेलं आणि काचा थरथरल्या. पुढची ओळ कुठली? कागद दिसत होता, अक्षरं दिसत नव्हती. मृदंगवाला त्याच त्या बोलांभोवती फिरत राहिला. घाम डोळ्यांत उतरला. पांडुरंगा, आता तू बघ, असं तो मनात म्हणाला, आणि हे मात्र सोंग नव्हतं. त्याचं तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर आलं ते त्याचं नव्हतंच. ते भाकरीच्या वासाचं होतं, चुलीच्या धुराचं होतं. ‘पाणी गेलं वाहून सारं...’

टाळ अडखळले. चूक सगळ्या गावाला कळली. हात मागे करायचंही त्याला सुचलं नाही.

“वाहून नाय गो,” मागून आवाज आला. खरखरीत, चिडका, आणि अजिबात म्हातारा नाही. “उडून!”

मग टाळ वाजला, एकच टाळ, आणि त्या टाळावर, जराही उशीर न होता, ती ओळ आली: ‘पाणी गेलं उडून सारं, खडा उरला भावाचा’. मृदंगवाल्याने थाप अशी दिली की फरशीतून पायाला लागली. म्हाताऱ्या बायका आधी उभ्या राहिल्या. जीवनने मागे वळून पाहिलं नाही. पुढच्याने वळून बघायचं नसतं. एवढं त्याला बुवांच्या पाठीकडे बघत वाढल्यामुळे ठाऊक होतं. त्याने फक्त पुढची ओळ अर्धी म्हटली आणि हात मागे केला, आणि हातावर ओळ येऊन पडली. मग पुढची, मग पुढची, सबंध पद, मिठागराच्या बांधावरून एकामागून एक टोपल्या हातांत याव्यात तशी. भावेश बॅनरखाली उभा राहून रडत होता आणि मोबाइलवर काढायचं विसरला होता, हे फार बरं झालं.

हंडी फुटल्यावर दिनानाथने दहीलाह्या खाल्ल्या, मिशा पुसल्या आणि लेकाला म्हणाला, “तू लय वाईट गातोस.”

“हो बाबा.”

“आये तुझी असंच चुकवायची.” मग त्याने टाळाची दोरी बोटाभोवती गुंडाळली. “मुद्दाम चुकवायची ती. मना ठाव होतं. मी काय बोललो नाय कदी. बोललो असतो तर बरोबर गायली असती ना.”

इतकीच गोष्ट. दिनानाथ आता थकले आहेत, पण रंजिता भाकरी थापताना पद चुकवते, आणि आतल्या खोलीतून ओ येते. आता थाळी पुढे करतो. तुमच्याही घरात एखादं माणूस गप्प झालं असेल. त्याला पुढे बसवून मागू नका, त्याच्या पुढे उभे राहा आणि खरोखर अडा. आणि त्याचा आवाज मागून आला, की घटकाभर सखूबाई घरत हिची आठवण काढा. ती मिठागराकाठी राहायची. तिला सगळी पदं बरोबर येत होती.